वाचकांचे प्रश्न : दारापुढचे लॉन, नातवाचे बेकन आणि चिऱ्यांवरचे शेवाळ

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही गुहागरजवळच्या गावी घर बांधले आणि पुढच्या दारी हौसेने दोन गुंठ्यांत लॉन लावले. पाऊस सुरू झाल्यापासून गवत आवरत नाही. गडी वेळेवर मिळत नाही. मिळाला की ग्रास कटर फिरवून जातो आणि मागे पिवळे पट्टे उरतात. स्वतःचे यंत्र घ्यावे का? घेतले तर कोणते?

उत्तर : पिवळे पट्टे कापणीच्या पद्धतीमुळे पडत आहेत. गवत वरून कितीही हिरवेगार दिसले, तरी बुडाशी त्याचा देठ फिकाच असतो. वीतभर वाढलेले गवत एकाच दिवशी बोटभर उंचीवर आणले, की हिरवा भाग सगळा निघून जातो, फिके बूड उघडे पडते आणि मुळांना पोसायला पाती शिल्लक राहत नाहीत. म्हणून एका वेळी पात्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. पावसाळ्यात लॉनची उंची 5 सेंटीमीटर राखायची असेल, तर ते साडेसात सेंटीमीटर होताच कापायला हवे, आणि जुलैतल्या आपल्याकडच्या पावसात याचा अर्थ आठवड्यातून निदान एकदा असा होतो. सध्याचे माजलेले गवत मात्र चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत खाली आणावे.

इतक्या वेळा गड्याची वाट पाहणे शक्य नाही, तेव्हा यंत्र घ्यावे हे बरे. हाताने ढकलायचे, फिरत्या पात्यांचे साधे यंत्र स्वस्त असते आणि नियमित कापलेल्या आखूड गवतावर ते सुंदर काम करते. परंतु चार दिवस पावसाची झड लागून गवत वाढले, की त्याची पाती ओल्या गवतात अडकून बसतात. विजेचे यंत्र ओल्या जमिनीवर, मागे वायर ओढत फिरवणे मला पटत नाही. चाकांचे पेट्रोलवरचे यंत्र आपल्या जागेला योग्य ठरेल. त्याचे पाते बोथट होऊ देऊ नये, कारण बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि फाटलेली टोके दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतात. कापणीसाठी उघडीप पाहून दुपारची वेळ धरावी. कापलेले गवत उन्हाळ्यात लॉनवरच राहिले तरी चालते, पण पावसाळ्यात ते चिकटून कुजते आणि बुरशी धरते. ते गोळा करून माडाच्या आळ्यात पातळ पसरावे. ऐन पावसात युरिया टाकू नये. त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर वाहून जातो.

ग्रास कटर लागेल तो गडग्याच्या कडेला आणि उतारावर. त्याची नायलॉनची दोरी जांभ्याचे खडे गोळीसारखे उडवते, म्हणून डोळ्यांवर चश्मा, पायांत गमबूट आणि मुले-कुत्री पंधरा मीटर दूर, एवढे पथ्य गड्यालाही पाळायला लावावे. हीच दोरी आंब्याच्या कोवळ्या कलमाच्या बुंध्याला दोन-तीनदा लागली, की साल गोलाकार सोलली जाते. कलम लगेच मरत नाही, पण मलूल होत जाते आणि जखमेत खोडकिड्याला अंडी घालायला आयती जागा मिळते. बुंध्याभोवतीचे हातभर गवत विळ्यानेच काढावे, मात्र आधी काठीने हलवून पाहावे. फुरसे आपल्या कातळाच्या मुलखातले नेहमीचे रहिवासी आहे, आणि गडग्याच्या फटी त्याला फार आवडतात.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. जूनमध्ये दोन गुंठे हिरवे ठेवायला काही कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा मार्च ते मे या महिन्यांत असते, जेव्हा विहिरीचा तळ दिसू लागतो आणि लॉन रोज पाणी मागते. पडवीसमोरचा अर्धा गुंठा लॉन ठेवून बाकी जागेत हरळी वाढू द्यावी, असे माझे मत आहे. हरळी उन्हाळ्यात करपते आणि पहिल्या पावसात आपणहून उठते.

प्रश्न : माझा नातू मुंबईहून येताना बेकनचे पाकीट आणतो. आमच्या घरी मासे-मटण होते, पण हा पदार्थ मी कधी केलेला नाही. तव्यावर टाकला की तेल उडते, कडा जळतात आणि मध्ये कच्चा राहतो. शिवाय आमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा तो किती टिकतो? (एक आजी, वेंगुर्ले)

उत्तर : आजी, बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचे मिठात मुरवलेले आणि बहुधा धुरी दिलेले काप. धुरी दिली म्हणजे शिजले, असे समजू नये. पाकिटावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते कच्चेच असते. आपला घोटाळा तापलेल्या तव्यामुळे होतो आहे. काप थंड तव्यावर एकमेकांना न चिकटवता मांडावेत, तेल अजिबात घालू नये आणि नंतर मंद आच लावावी. चरबी हळूहळू सुटते आणि काप स्वतःच्याच चरबीत तळले जातात. दोन-तीनदा उलटवत पातळ कापांना दहा मिनिटांच्या आसपास लागतात. सुरुवातीला पांढरा फेस येतो, तो मुरवणीच्या पाण्याचा असतो. उडते तेही हेच पाणी, त्यामुळे काप आधी टिपून घेतले तर बराच फरक पडतो. घावनांचा बिडाचा तवा मात्र या कामाला देऊ नये. त्याला धुरीचा वास लागला, की पुढचे चार दिवस घावनांनाही तोच वास येईल.

नातवाला पावाबरोबर हवे असेल तर तसे द्यावे, पण माझ्या मते बेकनची चव पांढऱ्या चवळीच्या उसळीत अधिक खुलते. दोन काप बारीक चिरून त्यांची चरबी सुटू द्यावी, त्यातच कांदा-लसूण परतावा, शिजलेली चवळी आणि दोन आमसुले घालावीत. मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे; बहुतेक वेळा ते लागतच नाही. उरलेली चरबी मोरीत ओतली तर नळीत गोठून बसते, म्हणून गाळून स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावी.

फोडलेले पाकीट फ्रिजमध्ये आठवडाभर आणि फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहते. वीज गेल्यावर दार उघडलेच नाही, तर फ्रिजमधला गारवा चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे दोन दिवस तग धरतो. त्याहून जास्त वेळ गेला आणि बेकन गार राहिले नाही, तर वास चांगला येत असला तरी ते टाकून द्यावे. नातू रोज सकाळी मागत असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा. मीठ भरपूर असते हे एक; दुसरे असे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. सुट्टीत एखाद्या वेळी खायला हरकत नाही.

प्रश्न : अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. ॲसिड टाकावे का? (मालवण)

उत्तर : टाकू नये, जांभा सच्छिद्र असल्यामुळे ॲसिड आत शिरून दगड खाते. उघडीप असताना बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर कालवून चिऱ्यांवर पसरावी, पंधरा मिनिटांनी ताठ खराट्याने घासून धुवावे आणि ते पाणी विहिरीकडे किंवा झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नये. आधी ॲसिड टाकून झाले असेल, तर त्यावर ब्लीचिंग पावडर मुळीच टाकू नये. दोन्ही मिसळली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवाळ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर तिथे पाणी कुठून साचते आणि कोणत्या फांदीची सावली पडते, ते पाहून आधी तेवढे दूर करावे.