थंडरबर्ड (पीसीवर ईमेल वाचायचं सॉफ्टवेअर) रोज जीमेलचा पासवर्ड का मागतं?
रावेरच्या केळी-ट्रान्सपोर्ट ऑफिसातला पीसी, पासवर्ड सेव्ह करूनही सकाळी पुन्हा तीच खिडकी, असं तुम्ही म्हणता. भाऊ, आधी सफाईचं सॉफ्टवेअर बघा. अशा सामायिक पीसीवर कुणीतरी 'फास्ट होईल' म्हणून ते टाकलेलं असतंच, आणि ते कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), पासवर्ड सगळं पुसून मोकळं होतं. जीमेलसाठी ऑथेंटिकेशन 'ओऑथ2' (OAuth2, गूगलच्याच लॉगिन पानावरून परवानगी देण्याची पद्धत) ठेवा, थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज चालू हव्यात.

तरीही विसरलं तर पासवर्ड साठवणारी फाइल बिघडली असू शकते. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग माहितीतून प्रोफाइल फोल्डर उघडा, मग थंडरबर्ड बंद करा. 'की4.डीबी' (key4.db) आणि 'लॉगिन्स.जेसन' (logins.json) या दोन्ही फाइलींची नावं बदला, डिलीट नका करू. सगळ्या खात्यांचे पासवर्ड एकदा नव्याने द्यावे लागतील, तेवढे हाताशी ठेवा. मेलना धक्का लागत नाही.