१२७ दात्यांचं गिअर नसताना इंची लेथवर मेट्रिक आटे पाडता येतात का?

तुमची लेथ जुनी, लीडस्क्रू (टूलची कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) इंची, ४ टीपीआय म्हणजे इंचाला चार आटे. चेंज गिअर (स्पिंडल आणि लीडस्क्रू यांच्यामध्ये बदलून लावायचे) २० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने आहेत, पण १२७चं गायब. करायचेत एम१६चे स्टड, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी. आणि कोणीतरी सांगितलंय की १२७शिवाय लेथला हातच लावू नका.

लावा. ड्रायव्हर म्हणजे फिरवणारी गिअर ३५ आणि ४५, ड्रिव्हन म्हणजे फिरवली जाणारी ५० आणि १००. चारही गिअर तुमच्या पेटीत आहेत.

आता हे आकडे कुठून आले ते. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, १९५९च्या आंतरराष्ट्रीय करारापासून हा आकडा पक्का आहे. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या, त्यामुळे लहान गिअरांचा कितीही गुणाकार-भागाकार केला तरी ती तंतोतंत निघत नाही. आयटीआयला शिकवतात ते सूत्र असं: ड्रायव्हर भागिले ड्रिव्हन = (५ × पिच × लीडस्क्रूचे टीपीआय) ÷ १२७. तुमच्यासाठी ४०/१२७. ते गिअर असतं तर स्पिंडलच्या बाजूला ४०, लीडस्क्रूवर १२७, मध्ये हाताला येईल तो आयडलर (नुसता दोघांना जोडणारा गिअर), आणि विषय संपला.

नसेल तर एक सोय आहे. ४०/१२७ म्हणजे १००/१२७चे दोन-पंचमांश. १०० भागिले १२७ येतं ०.७८७४ आणि ६३ भागिले ८० येतं ०.७८७५. तिरका गुणाकार करून बघा: ६३ × १२७ = ८००१, तर ८० × १०० = ८०००. म्हणजे फरक आठ हजारांत एकाचा. शिवाय ६३ म्हणजे ७ × ९, त्यामुळे ६३ दात्यांचं गिअरही शोधायला नको. ३५ आणि ४५ पाच-पाचच्या संचात असतातच. ३५/५० × ४५/१०० = ०.३१५, म्हणजे ६३/८०चे दोन-पंचमांश; लीडस्क्रूची पिच ६.३५ मिमी, गुणाकार २.०००२५ मिमी. १०० मिमी लांबीत साडेबारा मायक्रॉन. नटात बसणाऱ्या पंधरा-सोळा मिमीत दोन मायक्रॉन. जुन्या लेथच्या लीडस्क्रूची स्वतःची झीज याच्या कितीतरी पट असते, तेव्हा या चुकीवर झोप घालवू नका.

लावताना: ३५ स्पिंडलच्या बाजूला, ते ५०ला फिरवेल, ५० आणि ४५ एकाच पिनवर चावीने जोडलेले, ४५ फिरवेल लीडस्क्रूवरच्या १००ला. दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून क्वाड्रंट (गिअरांच्या पिना धरणारी पट्टी) आवळा, मग पट्टी काढा, तेवढी फट पुरते. हे सगळं मेन स्विच बंद करून. आटे डावे पडायला लागले तर टंबलरचा (लीडस्क्रूची दिशा बदलणारा) दांडा उलटा करा.

बाकी पिच याच गणितातून निघतात. एम२०चा २.५ मिमी: ३५ आणि ४५ खाली ४० आणि १००. एम८चा १.२५ मिमी: ३५ आणि ४५ खाली ८० आणि १००. एम१०चा १.५ मात्र पाचच्या संचात दोन जोड्यांनी इतका जवळ बसत नाही. तिथे २०/१०० × ६५/५५ लावा, पिच १.५००९ येते. चूक जास्त आहे, १०० मिमीला सहा शतांश मिमी, पण नट-बोल्टला चालून जातं. लांब स्क्रूला नाही.

लेथला गिअरबॉक्स असेल तर काम आणखी सोपं. एरवी गिअरबॉक्सकडे जाणारी जोडी एकास एक असते असं धरा. तिच्या जागी ३५/४० × ४५/५० लावलं की तक्त्यावरचा टीपीआयचा आकडा २०ला भागून मिलिमीटर मिळतात. दांडा १०वर, पिच २. आठवर २.५, सोळावर १.२५, विसावर १. गिअर एकदाच बदलायचे.

आता खरं बोलायचं तर आटे बिघडतात ते गिअरांमुळे नाही, हाफनटमुळे, म्हणजे कॅरेजला लीडस्क्रूशी पकडणाऱ्या दुभंगलेल्या नटामुळे. इंची आटे पाडताना थ्रेड डायल (हाफनट कधी पकडायचं ते दाखवणारी तबकडी) बघून हाफनट सोडायची-पकडायची सवय हाताला असते. मेट्रिकला ती मोडा. तुमच्या जोडणीत लीडस्क्रूच्या ६३ फेऱ्या झाल्यावर, म्हणजे कॅरेज जवळजवळ ४०० मिमी सरकल्यावर पुन्हा मेळ बसतो. मधे कुठेही हाफनट सोडून पकडलं तर टूल दुसऱ्याच जागी शिरतं आणि जॉब भंगारात जातो. म्हणून पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत हाफनट लावलेलंच ठेवायचं. कापाच्या शेवटी क्रॉस स्लाइडने टूल बाहेर, मशीन थांबवा, रिव्हर्सने परत या, जॉबच्या टोकाच्या पलीकडे पाच-सहा मिमी जाऊ द्या म्हणजे पुढे येताना बॅकलॅश (गिअर-स्क्रूमधली ढिलाई) निघून जातो, मग खोली द्या. टूल आत ठेवून रिव्हर्स केलं तर तोच बॅकलॅश आटे चावतो. आणि चक आट्यांनी बसणारा असेल तर फिरत्या मशीनवर एकदम रिव्हर्स मारू नका, पूर्ण थांबू द्या. चक सुटून बेडवर येतो.

टूल ६० अंशांचं घासा. इंची कामाच्या दुकानात डब्यात पडलेलं टूल बहुतेक व्हिटवर्थचं, ५५ अंशांचं निघतं, आणि नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. सेंटर गेज (टूलचा कोन तपासायची खाचांची पट्टी) लावा. खोली पिचच्या ०.६१३ पट, म्हणजे २ मिमीला एका बाजूने १.२३ मिमी.

पहिला काप नुसती रेघ उमटेल इतकाच घ्या आणि व्हर्निअरने वीस आटे मोजा, ४० मिमी आले पाहिजेत. पिच गेजवर एकट्यावर विसंबू नका: १.२५ मिमी आणि २० टीपीआय यांत पिचमागे फक्त दोन शतांश मिमीचा फरक आहे, गेज दोन्हीवर बसल्यासारखा वाटतो. वीस आट्यांवर तोच फरक ०.४ मिमी होतो आणि लपत नाही.

१२७चं गिअर घ्यायचंच असेल, समजा अर्धा मीटर लांबीचे फीड स्क्रू करायचेत, तर हॉबिंगवाल्याकडून (मशीनवर गिअरचे दाते कापणाऱ्याकडून) करून घ्या. मिलिंगच्या डिव्हायडिंग हेडवर १२७ साध्या इंडेक्सिंगने निघत नाही, डिफरन्शियल (हेडला जास्तीचे गिअर जोडून) लावावं लागतं. मात्र ऑर्डर देण्याआधी जुन्या गिअरांचं मोड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) मोजा आणि कव्हरखालची जागाही. मोड्यूल २ असेल तर त्या गिअरचा बाहेरचा व्यास २५८ मिमी होतो, आणि लहान लेथच्या कव्हरमध्ये तो मावेलच असं नाही.