मोबाईलवरच्या चाचणीत ३४ गुण आले, आता पुढे काय?

या वेळच्या टपालात स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या ऑनलाइन चाचण्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख राखण्यासाठी नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ३१, पतपेढीत नोकरी. एक रील पाहून ऑनलाइन चाचणी दिली, ५० पैकी ३४ आले. मग ८० प्रश्नांची दुसरी दिली, त्यात १०२. गणपतीत घर भरलं की मला माळ्यावर जाऊन बसावंसं वाटतं, आवाज सहन होत नाही. पूर्वी एवढं नव्हतं, गेल्या दोन वर्षांत वाढलंय. मी स्वमग्न आहे असं धरून चालू का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, अजून तसं धरू नका. पण गुण आले म्हणून घाबरूही नका आणि ‘मोबाईलचं काय खरं’ म्हणून सोडूनही देऊ नका. या दोन्ही चाचण्या संशोधकांनी बनवलेल्या आहेत, टाइमपास नाहीत. फक्त त्या ज्या कामासाठी बनल्या आणि तुम्ही त्यांना जे विचारताय, यात फरक आहे.

पहिली बहुधा ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’ असावी. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ५० विधानं, प्रत्येकाला एक गुण. तिथे ‘पूर्ण सहमत’ आणि ‘थोडंसं सहमत’ या दोन्हींना सारखाच एक गुण मिळतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणजे वीस ठिकाणी ‘हो, थोडंसं’ म्हणणारा आणि वीस ठिकाणी ‘अगदी हेच माझं’ म्हणणारा एकाच आकड्यावर येतात. मूळ अभ्यासात स्वमग्न प्रौढांपैकी ८० टक्क्यांना ३२ किंवा जास्त गुण होते, इतरांपैकी फक्त २ टक्क्यांना. ऐकायला हे पक्कं वाटतं. आता कागद-पेन्सिल घ्या.

दहा हजार माणसं घ्या आणि हिशोबापुरतं धरा की शंभरात एक स्वमग्न आहे. म्हणजे शंभर जण. त्यातले ८० जण ३२ किंवा त्याच्या वर जातील. उरलेल्या ९,९०० चे २ टक्के म्हणजे १९८, तेही वर जातील. ३२ किंवा त्याच्या वर एकूण २७८, आणि त्यात खरोखर स्वमग्न ८०. तिघांत एकसुद्धा पुरता नाही! चाचणीत खोट नसूनही हे होतं, कारण स्वमग्न नसलेल्यांची संख्याच प्रचंड आहे, त्यांचे दोन टक्केसुद्धा भारी पडतात. तुम्ही मात्र दहा हजारांतून चिठ्ठी काढून निवडलेल्या नाही. काहीतरी खुपलं म्हणून तुम्ही चाचणीकडे गेलात, त्यामुळे तुमच्या बाबतीत शक्यता या हिशोबापेक्षा जास्त असू शकते. किती जास्त, ते आकडा सांगत नाही. ते तुमचं लहानपण सांगेल.

म्हणून दुसऱ्या चाचणीकडे नीट बघा. ८० प्रश्नांची म्हणजे राड्स-आर. तिच्यात जास्तीत जास्त २४० गुण आणि रेषा, म्हणजे जिथून स्वमग्नतेची शंका घ्यायची तो आकडा, ६५ वर. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय : आताही खरं आणि लहानपणीही खरं होतं, फक्त आता खरं, फक्त सोळा वर्षांच्या आधी खरं होतं, कधीच नाही. गुण अनुक्रमे ३, २, १, ०. (काही प्रश्नांना हेच उलट.) यातला ‘फक्त आता खरं’ फार महत्त्वाचा. स्वमग्नता जन्मापासूनच्या जडणघडणीत असते, तिसाव्या वर्षी सुरू होत नाही. ‘पूर्वी नव्हतं, दोन वर्षांत वाढलं’ असं असेल तर चिंतारोग, नैराश्य, झोप तुटणं, कामाचा ताण यांचा विचार आधी करावा लागतो. तरी चाचणी त्या उत्तराला दोन गुण देऊन मोकळी होते. अशा तीस उत्तरांचे साठ गुण झाले की रेषा जवळपास आलीच. तुम्ही पुन्हा एकदा ८० प्रश्न उघडा आणि ‘फक्त आता’ किती ठिकाणी लावलंय ते मोजा. १०२ या आकड्यापेक्षा ती मोजणी डॉक्टरांच्या जास्त कामाची आहे.

दुसरी बाजूही आहे. लहानपणापासून असलेलं अंगावर जबाबदाऱ्या आल्या की उघडं पडतं. शाळेत ठरलेलं वेळापत्रक, घरी आई सगळं सांभाळणारी, म्हणून निभावलं. लग्न, काउंटरवरची गर्दी, सासरचा गोतावळा आला आणि सहनशक्ती संपली, असंही होतं. तेव्हा ‘पूर्वी नव्हतं’ हे तुमचं वाक्य आईला विचारून तपासा. ढोल-ताशे आले की तुम्ही कुठे असायचात? नवा फ्रॉक टोचतो म्हणून रडायचात का? शिक्षक वहीत काय लिहायचे?

राड्स-आर ज्यांनी बनवली त्यांनी ती तज्ज्ञासमोर बसून भरायची म्हणून बनवली होती. एखादा प्रश्न कळला नाही तर विचारता यावं, हा त्यामागचा हेतू. घरी एकट्याने भरलेल्या राड्स-आरचे गुण ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात पडताळले, तर कुणाला निदान मिळेल आणि कुणाला नाही, हे त्या गुणांवरून ओळखता आलं नाही.

भाषांतराचा गोंधळ वेगळाच. ‘पार्टीपेक्षा वाचनालयात जायला आवडेल’ अशा धर्तीची विधानं आपल्याकडे कशी लावायची? वाडीतलं जेवण, सत्यनारायण, पालखी, हे पार्टीसारखं ‘जायचं की नाही’ असं नसतं, जावंच लागतं. नवी माणसं भेटण्याचा प्रश्नही तसाच, गावात निम्मी माणसं नात्यातलीच असतात. मराठीत उतरवलेली प्रत्येक चाचणी मराठी माणसांवर पडताळलेली असतेच असं नाही, आणि इंग्रजीतली ३२ ची रेषा तशीच्या तशी उचलणं चूक आहे.

आता करायचं काय, तर एक वही करा. ज्या विधानांना तुम्ही ठाम ‘हो’ म्हणालात त्यातली दहा-बारा निवडा आणि प्रत्येकाखाली दोन प्रसंग लिहा : एक दहा वर्षांच्या आतला, एक अलीकडचा. ‘मला आवाज सहन होत नाही’ असं लिहू नका. ‘आरती सुरू झाली की झांजेच्या आवाजाने कान दाबून मागच्या पडवीत जाते, पाचवीतही जायचे, आरती संपल्यावरही अर्धा तास बोलावंसं वाटत नाही’ असं लिहा. झोप, भूक, मूड, पाळी, चालू औषधं यांचंही एक पान ठेवा. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, शक्यतो प्रौढांची स्वमग्नता पाहणारे, यांची वेळ घ्या. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात सल्ल्यापुरतं जाता येतं. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

निदान करताना तज्ज्ञ दोन गोष्टी शोधतात. एक, लोकांशी देवाणघेवाण करण्यातल्या अडचणी. दोन, तोच तोपणा, ठरलेपणाची गरज, एकाच विषयात बुडून जाणं किंवा आवाज-स्पर्श-वास यांचा कमी-जास्त त्रास. दोन्ही हवीत, लहानपणापासून हवीत, रोजच्या जगण्यात अडचण हवी, आणि दुसऱ्या कशाने ते जास्त चांगलं उलगडत नसावं. रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन काढून स्वमग्नता ठरत नाही. आणि निदान नाही झालं तरी माळ्यावर अर्धा तास बसायची गरज खरीच आहे. घरी तेवढं आत्ताही सांगायला हरकत नाही.

प्रश्न : नातू २२ महिन्यांचा. सूनबाईने मोबाईलवर वीस प्रश्नांची चाचणी भरली, ५ गुण आले. मुलगा मुंबईला. शेजारणी म्हणतात, ‘झिलगे उशिरानच बोलतत’ (मुलगे उशिराच बोलतात). गणपतीपर्यंत थांबावं का? – आजी, देवगड

उत्तर : आजी, थांबू नका. ही चाचणी एम-चॅट-आर असणार, १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठीची. म्हणजे नातू बरोबर वयात आहे. (चार वर्षांच्या मुलासाठी तीच भरणारे पालक पुष्कळ आहेत, त्याचा उपयोग नाही.) ० ते २ गुण म्हणजे धोका कमी. ८ किंवा जास्त आले तर थेट तपासणीला पाठवतात. ३ ते ७ मधल्यांना दुसरी फेरी असते आणि मोबाईलवर बहुतेक वेळा तीच गाळलेली असते. त्या फेरीत चुकलेला प्रत्येक प्रश्न खोलात जाऊन विचारतात. तिच्यानंतरही दोन किंवा जास्त गुण उरले तर बाळाला पाठवायचं.

आधी गुण बरोबर मोजलेत का ते बघा. एरवी ‘नाही’ला गुण पडतो, पण दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्या प्रश्नात ‘हो’ला पडतो. बहिरेपणाची शंका, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवणं आणि रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होणं, हे ते तीन.

मग घरीच दोन गोष्टी करा. खळ्यात नातवाला मांडीवर घ्या, समोरच्या झाडावरच्या फणसाकडे बोट दाखवा, ‘तो बघ!’ म्हणा आणि गप्प राहा. तो बोटाकडेच बघतो, की बोटाच्या रोखाने फणसाकडे? बघून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे वळून बघतो का? आता उलट : त्याला काही आवडलं, मांजर दिसलं, एसटी गेली, तर तो ‘तू पण बघ’ म्हणून बोट दाखवतो का? मागण्यासाठी बोट दाखवणं वेगळं आणि दाखवण्यासाठी बोट दाखवणं वेगळं. दुसरं नसेल तर ते लिहून ठेवा. शब्द किती बोलतो यापेक्षा आम्हाला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

सूनबाईला सांगा, एक-दोन मिनिटांचे चार व्हिडिओ काढायला : टीव्ही बंद ठेवून मागून नाव घेऊन हाक, एकटा खेळताना, कुणाबरोबर खेळताना, हवं ते मागताना. दवाखान्यात रडणाऱ्या बाळाचं खरं रूप दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. कानाची तपासणी, गरज पडली तर बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी), करून घ्याच. ऐकू कमी येणारं बाळही हाकेला वळत नाही.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. पुढची फेरी कधी आहे ते आशाताईला विचारा, लांब असेल तर वाट न बघता ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा. एम-चॅटच्या अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात दोन्ही फेऱ्यांत अडकलेल्या बाळांपैकी निम्म्यापेक्षा थोड्या कमी जणांना स्वमग्नता निघाली, पण ९५ टक्क्यांना विकासाचा काही ना काही प्रश्न होताच. मदत सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ उद्यापासूनही काम सुरू करू शकतात.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात हुशार. समुपदेशकांना स्वमग्नतेची शंका आहे, पण ऑनलाइन दहा प्रश्नांच्या चाचणीत तिला फक्त ४ आले. म्हणजे विषय संपला ना? – वडील, सावंतवाडी

उत्तर : नाही संपला. त्या चाचणीची रेषा ६ वर आहे, हे खरं. पण लंडनच्या एका निदान केंद्रात पाठवलेल्या प्रौढांवर २०१६ मध्ये अभ्यास झाला. तिथे रेषेखाली गुण आलेल्यांपैकी ६४ टक्के पुढे स्वमग्न निघाले. उलट चिंतारोग असलेल्यांचे गुण वर चढलेले होते.

कारण प्रश्नांत आहे. ‘समोरच्याच्या बोलण्यातला आडअर्थ मला सहज कळतो’ असं विधान घ्या. ज्याला आडअर्थ कळत नाही त्याला आपलं काय निसटतं हेही कळत नाही, तो प्रामाणिकपणे ‘हो, कळतो’ म्हणतो. शब्दशः अर्थ घेणारी मुलगी ‘सहज’ म्हणजे किती, कुणाशी बोलताना, यावर अडते आणि ‘थोडंसं सहमत’ लावते. आणि मुलींना लहानपणापासून ‘पाहुण्यांशी नीट बोल, हसून बोल’ हे शिकवलेलं असतं. हळदीकुंकवाला काय बोलायचं ते ती पाठ करून जाते, सगळं व्यवस्थित पार पाडते आणि दुसरा दिवस दार लावून झोपून काढते. चाचणीला फक्त हळदीकुंकू दिसतं. हे झाकणं मोजण्यासाठी कॅट-क्यू नावाची २५ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, पण तीही स्वमग्नता ठरवत नाही, झाकण्याची सवय किती ते सांगते.

समुपदेशकांना शंका कशावरून आली ते दोन-तीन प्रसंगांसकट लिहून द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जा. मुलगी सज्ञान आहे. जायचं की नाही हे तिला विचारून ठरवा, आणि तपासणीचा काही वेळ ती एकटी बोलू शकेल असं बघा.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीची प्रिंट जोडून मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? – पालक, अलिबाग

उत्तर : नाही. ती प्रिंट कुठलंच वैद्यकीय मंडळ धरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, पण ती मोजायची आयएसएए या भारतीय मापनपट्टीने. ४० बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण, एकूण ४० ते २००. ७० च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ही पट्टी प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाला बघून आणि पालकांशी बोलून भरतात. नेटवर तिचे प्रश्न मिळतात, पण घरी भरून नेऊ नका, उत्तरं आधीच ठरवून आलात असं वाटतं.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडा, पावती जपा. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीचा दिवस आधी विचारून घ्या. मुलाची झोप झालेली असेल आणि पोट भरलेलं असेल अशी एसटी पकडा, आणि आवडतं खेळणं व जुन्या तपासण्यांची फाईल बरोबर न्या. प्रमाणपत्र हातात आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात उपचार आणि थेरपीसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीला त्यातली ठरावीक मर्यादा असते. बिलांवर मुलाचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं हवं.