टीव्हीवरच्या साहसवीराच्या नावाचा चाकू जंगलकामासाठी घ्यावा का?

सप्रेम नमस्कार भाऊ,

दूरचित्रवाणीवरील साहसवीराचे नाव आणि सही असलेला, १,८०० रुपयांना मिळणारा चाकू घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने, पावसाळा सरल्यावर बांबूतोड, आणि मधूनमधून शहरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना गावालगतच्या जंगलात फिरवून आणणे, असे तुमचे काम तुम्ही सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे की या कामासाठी तो घेऊ नये. त्याच पैशांत एक चांगला कोयता आणि एक साधा लहान चाकू असे दोन्ही होते, आणि ते दोन्ही तुम्हाला त्या एका चाकूपेक्षा अधिक वर्षे साथ देतील. मी गडचिरोलीतील कुरखेडा तालुक्यात धानाची शेती करतो, पंचवीस वर्षे बांबू तोडतो आहे आणि गेली बारा वर्षे मुलांची निसर्गशिबिरे घेतो; पुढे जे लिहितो आहे ते त्या कामांतून आले आहे.

सर्वप्रथम, असे सगळेच चाकू टाकाऊ असतात असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण बेअर ग्रिल्स यांचे आहे. १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांसोबतचा त्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचा कॉर्बेटमधील भाग प्रसारित झाला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडीही त्यांचे नाव आले. त्यांच्या नावाचे चाकू गर्बर या अमेरिकन कंपनीने बाजारात आणले. ही कंपनी फिनलंडच्या फिस्कार्स समूहाची आहे आणि तिला चाकू बनवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. तरीही त्यांच्या नावाच्या याच हत्यारांपैकी पॅरँग नावाचा मोठा कोयता २०१२ साली अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या माध्यमातून परत मागवावा लागला, कारण पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे तो कमकुवत होता आणि वापरताना मूठ तडकून हाताला इजा होण्याचा धोका होता. कंपनीने चूक जाहीरपणे मान्य करून माल परत घेतला, हे तिच्या जमेचे आहे. पण यातून दोन गोष्टी समजून घ्या. एक म्हणजे नाव कितीही मोठे असले तरी सांध्यातील दोष त्या नावाने झाकला जात नाही. दुसरी म्हणजे, आपल्याकडे स्वस्तात मिळणारे असे बरेच चाकू मूळ कंपनीचे नसून हुबेहूब नक्कल असतात, आणि नकलेचा माल परत मागवायला मागे कोणीच उभे नसते.

आता ज्या ठिकाणी चाकू खरोखर तुटतो त्या सांध्याविषयी सविस्तर लिहितो. पात्याचे पोलाद मुठीच्या आत किती लांबवर जाते, हा पहिला प्रश्न. काही चाकूंमध्ये ते मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचे असते आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. अशा मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी उघडी दिसते. काहींमध्ये पाते मुठीत शिरताना एकदम अरुंद होते आणि शेपटीसारखा बारीक तुकडाच आत जातो. नुसती शेपटी असणे हा दोष नव्हे. स्वीडनमधील मोरा येथे बनणाऱ्या साध्या चाकूंमध्येही पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही आणि तरी ते वर्षानुवर्षे टिकतात, कारण ते कापण्यासाठी वापरले जातात. दोष निर्माण होतो तो रुंद पाते काटकोनात कापून शेपटी काढलेली असते तेव्हा. पात्यावर ठोका बसला की सगळा ताण त्या आतल्या टोकदार कोपऱ्यात एकवटतो, तिथे केसाएवढी भेग पडते, आणि ती मुठीच्या रबराखाली लपलेली असल्यामुळे पाते हातातून सुटेपर्यंत आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. तोच कोपरा गोलाईत काढलेला असेल तर ताण पसरतो आणि पाते टिकते. जाहिरातीतल्या छायाचित्रात हा कोपरा कधीच दिसत नाही, आणि चाकूचे आयुष्य मात्र त्याच्यावरच ठरते.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एका विद्यार्थ्याने असाच एक नामांकित चेहऱ्याच्या जाहिरातीचा चाकू आणला होता. कोरडा मानवेल बांबू फोडून दाखवावा म्हणून मी तो त्याच्याकडून घेतला, पाते बांबूच्या टोकावर टेकवले आणि पाठीवर लाकडाने ठोकत गेलो. तिसऱ्या पेरावर मूठ माझ्या हातात राहिली आणि पाते सटकून त्या मुलाच्या गुडघ्याजवळून गेले. त्याला काही झाले नाही, पण मुलांना गोल करून जवळ बसवले होते ही माझी चूक होती, आणि त्या दिवसापासून कोणतेही पाते ठोकताना समोरच्या बाजूला मी कोणालाही उभे राहू देत नाही. चाकू पाहिला तेव्हा आतली शेपटी माझ्या करंगळीपेक्षाही अरुंद होती.

आपल्या भागात कोणत्याही पात्याची खरी परीक्षा बांबूच घेतो. मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्याची गाठ चिवट असते, आणि बांबूच्या सालीत सिलिका असल्यामुळे ती पात्याची धार दगडासारखी घासून काढते. कटांग बांबूची गोष्ट वेगळी. तो पोकळ आणि जाड, पण त्याचे काटेरी जाळे तोडून आत शिरायलाच लांब पाते लागते. या दोन्ही कामांना दहा-बारा सेंटिमीटरचा चाकू, मग त्यावर कोणाचेही नाव असो, मुळातच अपुरा आहे. साहसी चाकू जाड करून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होतो. पाते साडेचार-पाच मिलिमीटर जाड ठेवतात आणि त्याला आखूड उतार देतात. परिणामी तो पाचरीसारखा होतो. तो लाकूड थोडेफार फोडतो, पण वेळूची कामटी नीट सोलत नाही, दोर कापताना अडखळतो आणि कांदा चिरताना कांद्याचे दोन तुकडे उडवतो. कोयत्याचे वजन पुढच्या बाजूला असते, त्यामुळे हात फिरला की वजनच निम्मे काम करते. चाकूला ते वजन नाही.

पोलादाविषयी विक्रेते फार बोलतात, म्हणून थोडक्यात लिहितो. स्वस्त चाकूंवर बहुधा ४२० किंवा ३सीआर१३ असे पोलाद असते. त्यात कार्बन कमी, साधारण ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे ते सहजी गंजत नाही, लवकर मोडत नाही, पण धार लवकर सोडते. ७सीआर१७एमओव्ही त्याहून बरे. मोराच्या स्टेनलेस चाकूंमधील १२सी२७ पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असते, आणि योग्य पाणी दिले (म्हणजे तापवून एकदम थंड केले) तर ते कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापनावर ५७-५८ पर्यंत कठीण होते. एवढी धार रोजच्या कामाला भरपूर आहे. पात्यावर किंवा खोक्यावर फक्त ‘स्टेनलेस स्टील’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिले असेल आणि पोलादाची श्रेणी दिलेली नसेल, तर विक्रेत्याला ती सांगायची नाही असे समजावे.

अर्ध्या पात्यावर करवतीसारखे दाते असलेले चाकू तर मुळीच घेऊ नका. ते दाते नायलॉनचा दोर झटकन कापतात हे खरे, पण आपल्या पाजण्याच्या सपाट दगडावर त्यांना धार लावता येत नाही, आणि मुठीजवळचा जो भाग लाकूड तासायला सर्वांत उपयोगी तोच त्यांनी व्यापलेला असतो.

अशा चाकूसोबत येणाऱ्या वस्तूंपैकी शिट्टी खरोखर उपयोगाची आहे. विद्यार्थ्यांच्या गटात प्रत्येकाच्या गळ्यात ती असावी, पण त्यासाठी चाकू घ्यावा लागत नाही. ठिणगी पाडणाऱ्या कांडीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगतो की मार्च ते मे या काळात ती मुलांच्या हाती देऊच नका. मोहाखालचा पाला जाळण्यातून वणवे कसे लागतात हे तुम्ही माझ्याइतकेच पाहिले आहे, आणि राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. चूल पेटवायला दोन रुपयांची काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत पुरते.

तुमच्या प्रश्नातील एक वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. ‘अस्वल आले तर कमरेला काहीतरी असावे’ असे तुम्ही लिहिले आहे. भाऊ, या चाकूच्या जाहिरातीतून विकला जातो तो हाच धीर, आणि तो घातक आहे. अस्वल जिथे पोहोचते तिथे चाकू पोहोचेपर्यंत त्याची नखे आपल्या चेहऱ्यावर आलेली असतात. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे एकट्याने न जाणे, चार जणांनी बोलत, आवाज करत जाणे, हातात लांब काठी ठेवणे आणि वाकून वेचताना एकाने उभे राहून आजूबाजूला पाहणे, यांनी जीव वाचतो. वाघाच्या बाबतीतही हेच. कमरेला चाकू आहे म्हणून कोणी एकटा पुढे गेला, तर त्या चाकूने त्याचे नुकसानच केले असे मी म्हणेन.

कायद्याची बाजूही पाहून ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू होते, आणि त्या अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून ताडोबा, चपराळा किंवा भामरागडला मुलांना नेताना चाकू घरीच ठेवावा. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा वेगळा विचार केला आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तरीही जिल्ह्यात जमावबंदीचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश असताना कोयता उघडा घेऊन बाजारात फिरू नये. पोत्यात गुंडाळून शेतातून घरी आणावा. काळ्या रंगाचे, सैनिकी थाटाचे पाते नाक्यावरच्या तपासणीत जितके प्रश्न उभे करते तितके लाकडी मुठीचा कोयता करत नाही.

मग घ्यायचे काय? कोयत्यासाठी आठवडी बाजारात तयार मिळणारा पत्र्याचा कोयता घेऊ नका. ट्रकच्या जुन्या कमानीचा पट्टा भंगारातून मिळवा आणि जवळच्या लोहाराकडे न्या. हे पट्टे बहुधा ईएन-४५ जातीच्या स्प्रिंग पोलादाचे असतात. ते ठोके सहन करण्यासाठीच बनवलेले असते. पट्टा हातात घेऊन आधी नीट पाहा, कारण वर्षानुवर्षे वाकून त्यात भेग पडलेली असू शकते. भेग दिसली तर दुसरा तुकडा निवडा. लोहाराला तीन गोष्टी सांगा. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड ठेवावे. पाणी देताना साध्या पाण्याऐवजी तेलात बुडवावे, कारण या पोलादाला पाण्यात तडा जाण्याचा धोका असतो. आणि फक्त धारेची बाजू कठीण करून पाठ मऊ ठेवावी. आमच्याकडचा लोहार धार बुडवून बाहेर काढतो, घासून चकचकीत करतो आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकताना पोलादावर गवतासारखा पिवळा रंग चढला की लगेच पुन्हा बुडवतो. हे पाहायला समोर बसा. त्या दहा मिनिटांत पोलादाविषयी जे कळते ते कोणत्याही खोक्यावर लिहिलेले नसते. मुठीला धावडा किंवा तिवस घ्यावा आणि तिला महिन्यातून एकदा जवसाचे तेल चोळावे. पात्याला गंज चढू नये म्हणून पावसाळ्यात टोळीचे (मोहाच्या बियांचे) तेल पुसत राहावे. माझा सध्याचा कोयता असा घडवून घेतला तेव्हा मजुरीसह साडेचारशे रुपये लागले होते आणि तो अकरा वर्षे चालू आहे.

उरलेल्या पैशांत लहान कामांसाठी दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा, दहा सेंटिमीटर पात्याचा, स्थिर मुठीचा साधा चाकू घ्यावा. मोरासारखा मिळाला तर उत्तमच, पण तो केवळ अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. घडीचा हवा असेल तर फ्रान्समधील ओपिनेलच्या आठ क्रमांकाच्या चाकूला साडेआठ सेंटिमीटरचे पाते आणि ते उघडे असताना जागेवर धरून ठेवणारे फिरते कडे असते. पावसात लाकडी मूठ फुगून तो उघडायला जड जातो, एवढी एक अडचण. आणि त्या १,८०० रुपयांच्या चाकूवर तुमचे मन बसलेलेच असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच पोलादाचा, नाव नसलेला नमुना आहे का ते आधी शोधा. असला आणि स्वस्त असला, तर वरचे पैसे फक्त सहीचे आहेत.

या रविवारी बाजाराला आलात तर माझा कोयता पाहून जा. लोहाराला दाखवण्यासाठी त्याची लांबी, पाठीची जाडी आणि वाकाचे माप कागदावर काढून ठेवतो.