इंजिनाची टिकटिक: इंजिन उघडायचं, गाडी विकायची की नवं कर्ज काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी १३ वर्षं जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, १,४०,००० किलोमीटर झालेली. सकाळी सुरू केल्यावर इंजिनातून टिकटिक येते, दहाएक मिनिटांत कमी होते. मायलेजही थोडं घटलंय. मेकॅनिकने नुसता आवाज ऐकून ‘इंजिनचं काम निघालंय’ असं सांगितलं आणि दोन पगारांएवढा खर्च काढला. नव्या गाडीचा विक्रेता तुमची गाडी आहे तशी अडीच पगारांना घ्यायला तयार आहे; नवी घ्यायची तर त्यावर एक पगार रोख भरायचा आणि पाच वर्षं पगाराच्या २० टक्के हप्ता. तुमचा आकस्मिक निधी तीन पगारांचा आहे.

या आठवड्यात दोन्हीपैकी काहीच करू नका. तुम्हीच लिहिलंय की अशीच पण धडधाकट गाडी चार पगारांना जाते. म्हणजे विक्रेता दीड पगार कापतोय, आणि तो कापतोय कारण आवाज कशाचा हे कुणालाच माहीत नाही. ते शोधायला लागणारा खर्च पगाराच्या चार-पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. आधी तो करा.

पहिलं काम फुकटचं. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून पुन्हा बुडवून पाहा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत जेमतेम एक लिटरचा फरक असतो. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर टॅपेटपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्हच्या झडपा ढकलणाऱ्या भागापर्यंत, पुरेसं पोचत नाही आणि वाजायला लागतं. वरच्या खुणेच्या वरही नको: क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करते आणि हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, टॅपेटमध्ये हवा शिरते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. ऑइलमध्ये मिसळायचं, आवाज दाबणारं घट्ट ॲडिटिव्ह कुणी सुचवलं तर नको म्हणा, त्याने दुखणं तसंच राहतं, फक्त ऐकू येत नाही.

मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून वेग कमी करून ऐका. इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, सेकंदाला साधारण सहा-सात. सैल टॅपेट, गळका मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ), नीट न आवळलेला प्लग, सगळे याच चालीने वाजतात. आणि ही सगळी दुरुस्ती स्वस्तातली. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर ठोका क्रँकच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे दुप्पट वेगाने पडतो. तो टिकटिकीपेक्षा जाड, ‘ठक ठक’ असा असतो आणि इंजिन तापून ऑइल पातळ झालं की वाढतो. तुमचा आवाज तर तापल्यावर कमी होतो. म्हणूनच मेकॅनिकच्या निदानावर माझा विश्वास बसत नाही.

माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर (सांधा बंद करणाऱ्या पट्टीवर) किंवा तिथल्या तुटलेल्या बोल्टवर आहे. थंड असताना फटीतून वायू फटफटतो, धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. थंड इंजिनवर बॅटरीच्या उजेडात सांध्याजवळ पाहा: काजळीचा काळा पट्टा दिसला तर जवळजवळ नक्की. फटीतून हवा आत ओढली गेली की धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो, पेट्रोल जास्त सोडलं जातं. मायलेज घटण्याचं कारणही तेच असू शकेल. ही दुरुस्ती मात्र लांबवू नका, कारण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत येऊ शकतो.

तिथे काही नसेल तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि टॅपेटमधली फट मापात आणणं (टॅपेट हायड्रॉलिक असतील तर ते लागत नाही). ते थंड इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) करतात. माप मॅन्युअलमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेलं असतं. आवाज घालवण्यासाठी मापापेक्षा घट्ट करू देऊ नका. घट्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, मग खरंच हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं.

शेवटची तपासणी ऑइलच्या दाबाची. डॅशबोर्डवरचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दाब ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास घसरला तरच लागतो. तो लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. दाबाच्या स्विचच्या जागी गेज लावून, इंजिन गरम असताना, जागेवर आणि २००० फेऱ्यांना आकडा घ्यायला सांगा आणि मॅन्युअलशी ताडा. जुना ऑइल फिल्टर कापून त्यातल्या कागदाची घडी उलगडून पाहिली तर आणखी कळतं: चुंबकाला न चिकटणारे चमकदार कण दिसले तर बेअरिंग झिजलंय.

आता पैशाचं. दाब बरोबर आणि फिल्टर स्वच्छ निघाला तर गाडी ठेवा. दुरुस्ती निधीतून करा, कर्ज नको. न घेतलेल्या हप्त्याचा निम्मा भाग, म्हणजे पगाराचे १० टक्के, दरमहा वेगळ्या खात्यात टाका. २० महिन्यांत इंजिनच्या पूर्ण कामाएवढी रक्कम जमते.

बेअरिंगच गेलं असेल तर विकण्यासाठी म्हणून इंजिन करू नका: दोन पगार घालून दीडच पगार परत येतो. गाडी ठेवायचीच असेल तर तो खर्च दहा हप्त्यांएवढा, म्हणजे दहा महिन्यांहून जास्त चालली की हप्त्यांच्या मानाने तो वसूल. पण गिअरबॉक्स, क्लच आणि बॉडीचा गंज आधी तपासून घ्या, आणि निधी एका पगारावर येतोय याचा विचार करा. त्यातलं काही खराब असेल तर दोष सांगून गाडी विका आणि आलेल्या अडीच पगारांत बसेल अशी जुनी गाडी घ्या. ६० हप्ते म्हणजे पूर्ण वर्षाचा पगार, आणि तीन पगारांच्या निधीतून एक पगार आधीच रोख भरलेला. त्या पाच वर्षांत नोकरीत खंड पडला तर हप्ता थांबणार नाही.

मेकॅनिककडे परत जाल तेव्हा दाबाचे दोन्ही आकडे कागदावर मागा. ते न देता इंजिन उघडायला निघालेल्याकडे गाडी सोडू नका.