वडिलांची जुनी काळी सायकल दुरुस्त करून रोज ऑफिसला वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 28 इंची, दांडीच्या ब्रेकची सायकल पंधरा-वीस वर्षं पडून आहे, ऑफिस सहा किलोमीटरवर आहे आणि दुकानदार सुरुवातच रंगकामापासून करायला सांगतोय. सायकल नक्की वापरता येईल. रंग मात्र आत्ता काढू नका. मूळ रंगावर ओल्या फडक्याने धूळ पुसून रबिंग कंपाउंड फिरवलं की पुष्कळ चमक परत येते, आणि सोनेरी रेघा एकदा खरवडल्या की गेल्याच. रंगाच्या पैशात छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या), कॉटर (पायडलची दांडी ॲक्सलला घट्ट धरणारी पाचर), ब्रेकचे रबर आणि टायर-ट्यूब घ्या. रोजची सायकल त्यांच्यावर चालते.

आधी सांगाडा तपासा. हँडलखालच्या नळीला वरची आणि खालची दांडी जिथे जुळते, त्याच्या मागे बोटभर अंतरावर खालच्या बाजूने अंगठा फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. मग हँडलच्या नळीभोवती दोरा घालून त्याची दोन्ही टोकं मागच्या ॲक्सलपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर चांगल्या फिटरला दाखवल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

आता मुख्य काम, ज्याला दुकानात ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. पडून राहिलेल्या सायकलीतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. वरून तेल सोडलं की चाक फिरल्यासारखं वाटतं, पण ते तेल उरलेलं ग्रीस धुऊन काढतं आणि छर्रे कोरडे पडतात. म्हणून सगळं उघडून रॉकेलमध्ये धुवायचं. छर्रे जुने परत घालू नका, नवे स्वस्त मिळतात. पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) साधारणपणे 3/16 इंचाचे दर बाजूला 10, मागच्या हबमध्ये 1/4 इंचाचे 9 आणि पायडलच्या ॲक्सलवर (दोन्ही पायडलच्या दांड्या जोडणाऱ्या मधल्या दांड्यावर) 1/4 इंचाचे 11 लागतात. तरीही उघडताना मोजून ठेवा. कोन (चाकाच्या ॲक्सलवरचा, छर्रे धरणारा निमुळता नट) आणि ॲक्सलवरची छर्‍यांची वाट नखाने तपासा. देवीच्या व्रणांसारखे खड्डे लागले तर तो भाग बदला, नाहीतर नवे छर्रेही लवकर खराब होतील. कोन किती आवळायचा हे असं कळतं: चाक अधांतरी धरून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनाने ते हळूहळू फिरून व्हॉल्व्ह खाली येतो, आणि रिम आडवी हलवली तर खुटखुट जाणवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान कॉटर काढताना होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट पूर्ण काढू नका, त्याचं तोंड कॉटरच्या टोकाशी सपाट येईल इतपतच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकच्या, म्हणजे पायडल लागलेल्या दांडीच्या खाली, कॉटरचं डोकं आत मावेल असा जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव घाला. टेकू नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांवर बसतो, आणि हलक्या हाताने ठकठक केलं तर कॉटरचं टोक फुलून ती आणखी अडकते.

बसवताना एका क्रँकचा पायडल खाली असताना तिचा नट ज्या बाजूला असेल, दुसरी खाली आणल्यावर तिचाही नट त्याच बाजूला यायला हवा. तसा नसेल तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. कॉटर हातोडीने ठोकून बसवायची, नटने ओढून नव्हे. नट फक्त तिला जागेवर धरतो. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज आला, की कॉटर सैल समजा. तशीच चालवली तर क्रँकचं भोक लांबट होतं.

दोन आटे उलटे असतात: डावा पायडल आणि चेनकडचा स्थिर कप (सांगाड्यातली वाटी, जिच्यात पायडलच्या ॲक्सलचे छर्रे बसतात). हा कप सुस्थितीत असेल तर जागेवरच पुसून ग्रीस भरा. सायकल इंग्लंडमधली रॅले असेल तर तिच्या कपांना इंचाला 26 आटे असतात, इतर बहुतेकांना 24. त्यामुळे दुसर्‍या सायकलीचे कप बसत नाहीत.

टायर घेताना फक्त ‘28’ सांगू नका. तुमच्या रिमला 28×1½, म्हणजे बाजूवर 40-635 छापलेला टायर लागतो. नव्या सायकलींचा 700सी टायरही 28 म्हणून विकला जातो, पण तो 622 चा असतो, 13 मिलिमीटरने लहान, आणि या रिमवर चढतच नाही. हवा 45-50 पीएसआय पुरे. जुन्या रिमला टायर धरून ठेवणारी कड नसते, जास्त भरली तर टायर निसटतो.

ब्रेकबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर रबर घसरतं आणि थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा खूप जास्त अंतर लागतं. म्हणून लांबूनच हलका ब्रेक लावून रिम आधी पुसून घ्यायची सवय लावा, आणि मोठा उतार असेल तर पावसात तो रस्ता टाळा. रबर ज्या खाचेत सरकवतो तिचं एक तोंड बंद असतं. ते चाक फिरण्याच्या दिशेला हवं, उलटं बसलं तर जोरात ब्रेक लावताच रबर बाहेर फेकलं जातं. पुढचा आणि मागचा दोन्ही तपासा. रबर आणि रिममध्ये 3 मिलिमीटर अंतर ठेवा, त्याआधी चाकाचा आउट (डावी-उजवीकडे डुलणं) काढून घ्या.

रस्त्यात चढ असेल तर 18 दात्यांच्या फ्रीव्हीलऐवजी (मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र) 20 किंवा 22 चं बसवा. गुडघ्यांना फरक लगेच कळतो. मात्र चेन एखाद-दोन कड्यांनी वाढवावी लागेल. जुनी चेन मोजा: 12 इंचांच्या जागी 12⅛ भरली तर बदला. डायनॅमोपेक्षा बॅटरीचे दिवे बरे, थांबल्यावरही चालू राहतात.

पहिले 50 किलोमीटर झाले की कॉटर पुन्हा ठोकून नट आवळा आणि स्पोक बोटांनी दाबून पाहा. पावसाळा संपल्यावर पायडलचा ॲक्सल पुन्हा उघडून ग्रीस बदला, सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथेच साचतं.