तंत्र आणि वर्ग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठवीच्या वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनी आहे. शाळेच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) टाकला, पण माझ्या नोट्स उघडल्या की तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतो. त्याला मराठी येत नाही का? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : येतं. घोळ फाइलमध्ये आहे. नोट्स श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असणार. त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षर किंवा एखादं चिन्हच असतं आणि स्क्रीन रीडर वाचतो ते हेच. खात्री करायची तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर युनिकोड, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळणारी पद्धत; गिचमिड उमटली तर जुना फॉन्ट.

जुन्या नोट्स फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर नजरेखालून घालाच. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे 'स्थिती', 'वर्षी' असे शब्द हमखास बिघडतात. नव्या नोट्स थेट युनिकोडमध्येच करा.

मग इन्सर्ट आणि एन दाबून एनव्हीडीएचा मेनू उघडा. प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, स्पीच असं जाऊन ईस्पीक एनजी या एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज निवडा. आवाज यांत्रिक आहे, म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवा. कान सरावला की मुलगी स्वतःच वाढवेल, इतका की तुम्हाला एक शब्द कळणार नाही.

शीर्षक नुसतं ठळक करून भागत नाही. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबून त्याला 'हेडिंग' करा. मग तिला इन्सर्ट आणि स्पेसने ब्राउझ मोड सुरू करून 'एच' दाबत धड्यातल्या एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. नाहीतर चौथा मुद्दा हवा असला तरी पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. आकृतीवर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये वर्णन लिहा. 'हृदयाची आकृती' एवढं लिहून उपयोग नाही. कोणता कप्पा कुठे आणि रक्त कुठून कुठे जातं, ते लिहा.

प्रश्न : वर्गात ३८ मुलं, फोन एकच. उत्तरं नेहमी तीच चारपाच मुलं देतात. (एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : प्लिकर्स हे अ‍ॅप वापरून बघा. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं कागदी कार्ड मिळतं. ए, बी, सी, डी यांपैकी निवडलेलं अक्षर वर येईल असं ते धरायचं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की अ‍ॅप सगळ्यांची उत्तरं टिपतं. अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर सहज कळत नाही, आणि लाजरी मुलं हात वर करतात ती त्यामुळेच. ४० कार्डांचा संच साइटवरून मोफत उतरवता येतो. फोनला नेट मात्र लागतं.

चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकली की कार्ड वाचलं जात नाही. जाड कागदावर छापा, काळ्या आकृतीभोवतीची पांढरी कड कापू नका आणि बोटं आकृतीवर येणार नाहीत असं धरायला शिकवा.

खरी मेहनत पर्यायांत आहे. १/२ + १/३ विचारताना २/५ हा पर्याय हवाच, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं तिथेच सापडतात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के आली तर उत्तर न सांगता दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी रुळवलेली ही रीत. त्याहून कमी आली तर चर्चेत वेळ घालवू नका, पुन्हा शिकवा. नावानिशी निकाल पडद्यावर दाखवू नका.

प्रश्न : कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फोनवर काही? (एक पालक, मडगाव)

उत्तर : अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब घ्या, भाषा मराठी ठेवा. बोलणं अक्षरांत उमटत जातं. फोन मुलाच्या बाकावर आणि शिक्षक फळ्याशी असतील तर पंख्याच्या आवाजात निम्मे शब्द चुकतात. कॉलरला लावायचा वायरलेस माइक फोनला जोडा. पारिभाषिक शब्द तरीही चुकतील, ते शिक्षकांनी आधी फळ्यावर लिहावेत. श्रवणयंत्र असेल तर ते काढायचं नाही.